वरचे अकरा सेकंद

एकदा कोरलं गेलेलं सत्य या पृथ्वीवरच्या कोणत्याही सत्तेला पुसता येत नाही. हे वाक्य मोख्लेस तालुकदारनं स्वतः लिहिलं होतं, आणि ढाक्याच्या ‘दैनिक दिनलिपी’च्या चौथ्या मजल्यावर ते काचेच्या चौकटीत, पाण्याच्या फिल्टरच्या बरोबर वर टांगलेलं होतं. तोटी जोरात सोडली की शिंतोडे काचेवर उडत, आणि पाणी प्यायला आलेला माणूस जाता जाता बाहीनं ते वाक्य पुसून ठेवी. चौकटीखाली तीन खुर्च्या, दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा मिळून ‘सत्यापन कक्ष’ होत असे. मोख्लेस त्याचा प्रमुख. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक फोटोचा, व्हिडिओचा, आवाजाचा छापण्याआधी एक ठसा काढायचा. ठसा म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक रांग. ती रांग जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी नोंदली जाई. त्याला ब्लॉकचेन म्हणत. व्हिडिओतला एक केस जरी इकडचा तिकडे केला तरी ठसा बदलायचा, त्यामुळे उद्या कोणी मंत्री म्हणाला की हे बनावट आहे, तर ठसा त्याच्या तोंडावर मारता आला असता. मंत्री अजून तरी काही म्हणाले नव्हते. नियम एकच होता: ज्याची नोंद पहिली ते अस्सल, त्याच प्रसंगाचं नंतर जे येईल तो फेरफार. हा नियमही मोख्लेसनंच सुचवला होता. मीटिंगमध्ये त्यावर चर्चा झाली नाही, कारण तेवढ्यात बिर्याणी आली होती.

शनिवारी सकाळी साडेदहाला मोख्लेसच्या नव्या फोनवर हारुन खलिफाचा व्हिडिओ आला, आणि तिसऱ्या सेकंदाला त्याला स्वतःची चप्पल दिसली.

तपकिरी चप्पल, अंगठ्यापाशी तांब्याची चकती. जोहरानं, त्याच्या बायकोनं, ईदला घेतलेली. हारुन खलिफाचं शिंप्याचं दुकान शिमूलतला मोडावर, म्हणजे चौकात, दुसऱ्या मजल्यावर होतं, आणि त्यानं खिडकीतून, मशीनवर बसल्या बसल्या, खालची गर्दी टिपली होती. वरून माणसं डोक्यांनी दिसत होती. एक टक्कल होतं, त्याच्या डाव्या हातात पानांसकट बांधलेली लिच्यांची जुडी होती, आणि उजवा पाय पुढे गेला होता. टक्कल इतकं वाढलंय हे मोख्लेसला माहीत नव्हतं. आरशात ते पुढून दिसतं आणि पुढून तो अजून चाळिशीतला वाटायचा. त्यानं व्हिडिओ थांबवला. खिडकीबाहेर कोणीतरी लोखंडी शटर ओढलं आणि त्या आवाजानं त्याच्या पिंढरीतली एक शीर आपोआप उडली. हा पाय आपल्या परवानगीनं चालतो अशी त्याची त्रेपन्न वर्षांची समजूत होती.

काल संध्याकाळी तो फक्त लिच्या घ्यायला रिक्शातून उतरला होता. जेठ महिना, हवा ओल्या गोधडीसारखी, लिचीवाला जुडीवर पाणी मारत होता. ‘धरला रे, मोबाइलचोर धरला’ असा आवाज उठला, आणि मोडावरचे सगळे लोक एकाच बाजूला झुकले, ताटातली डाळ झुकावी तसे. मधे एक पोरगा गुडघ्यांवर होता. पिवळी फुटबॉलची जर्सी. कोणीतरी त्याच्या केसांना धरून त्याचं तोंड वर केलं होतं, आणि दुसरा कोणीतरी चपलेनं त्या तोंडावर मारत होता, घाई न करता, गालिचा झटकावा तसा. पोरगा म्हणत होता, मी बॅटरीच्या दुकानात आहे, विचारा ना, बॅटरीच्या दुकानात. त्याचे पुढचे दात त्या वाक्यातून आधीच गेले होते, त्यामुळे ‘दुकान’ नीट उमटत नव्हतं. मोख्लेसनं हे सगळं ऐकलं. ऐकलं नाही असं त्याला नंतर कधी म्हणता आलं नाही. पण त्याच वेळी त्याला तीन आठवड्यांपूर्वीची दुपार आठवली, चालत्या रिक्शातून त्याच्या हातातला फोन हिसकावला गेला ती. मोटारसायकलवर दोघं होते, मागच्यानं हिसका मारला आणि वर हसला. फोनमध्ये अब्बांचा शेवटचा निरोप होता, आवाजाचा, बावीस सेकंदांचा: ‘मोख्लेस, औषध मिळालं रे, तू उगाच येऊ नकोस.’ तो गेला नव्हता. दोन दिवसांनी अब्बा गेले. दुनियाभरच्या भानगडींचा ठसा काढणाऱ्या मोख्लेसनं त्या बावीस सेकंदांचा ठसा काढला नव्हता, नक्कलसुद्धा कुठं ठेवली नव्हती. आणि मग पाय गेला. लाथ मारावी असं काही त्यानं ठरवलं नाही. पायच गेला, आणि बरगडीला लागला. पोत्याला लाथ मारली तर पोतं आत जातं. हे आत जाऊन उलट परत आलं, स्प्रिंगसारखं, आणि ते परत येणं तळपायातून गुडघ्यापर्यंत चढलं. त्या क्षणी त्याला फार बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट होतं, आणि व्हिडिओत ते दिसत नव्हतं, एवढाच दिलासा.

पुढे काय होतं ते बघायला त्यानं अंगठा पुन्हा टेकवला. पाचव्या सेकंदाला डावीकडून इद्रिस मिया आला. मोडावरचा चहावाला, नऊ वर्षं मोख्लेस त्याच्याकडे लाल चहा पीत होता, आल्याचा, उधारी नाही, राजकारण नाही. इद्रिसच्या हातात उकळती किटली होती. तो पोरग्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिला आणि किटलीची चोच त्यानं गोल फिरवली, लोकांच्या अंगावर, जत्रेतल्या चक्रावरच्या घोड्यासारखा फिरत. पाणी उडालं, लोक किंचाळत मागे झाले. एका हातानं त्यानं लिच्यांची जुडी धरलेल्या टकल्याला छातीवर ढकललं, आणि नवव्या सेकंदाला त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला: ‘तालुकदार भाई, तुम्ही?’ तेव्हा टकल्यानं वर पाहिलं. सरळ कॅमेऱ्यात. चेहरा शांत होता, पत्र पेटीत टाकून वळलेल्या माणसाचा. अकराव्या सेकंदाला तो चौकटीबाहेर गेला.

बाराव्या सेकंदापासून वेगळाच व्हिडिओ होता. इद्रिस मिया पोरग्यावर वाकलेला, हातात वाफाळती रिकामी किटली; पोरग्याचा खांदा लालभडक, कारण लोकांनी इद्रिसला मागून ढकललं तेव्हा उरलेलं पाणी पोरग्यावरच सांडलं होतं. इद्रिस त्याला जर्सीच्या गळ्याला धरून टपरीकडे फरफटत नेतोय. मग एक वीट येते. मग बांबू. मग डोकीच डोकी, आणि मधून एक आवाज, ओलं धुणं दगडावर आपटल्याचा, पुन्हा पुन्हा, चौतीस वेळा. मोख्लेसनं मोजले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

‘मोख्लेस भाई, शिमूलतलाचं आलं का?’ पलीकडच्या खुर्चीतून लाबणीनं विचारलं. लाबणी सव्वीस वर्षांची, कक्षाची सगळी यंत्रणा तिच्या बोटांवर होती. स्वतःच्या लग्नपत्रिकेचाही तिनं ठसा काढून ठेवला होता. ‘वरून दोनदा फोन आला. पोरगा सरकारी दवाखान्यात आहे म्हणे, वाचत नाही.’

‘आलंय.’

‘मग टाका ना. डोकं उडवलं का?’

मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओचे सुरुवातीचे काही सेकंद हलतात. माणूस खिशातून फोन काढतो, बोट भिंगावर येतं, आभाळ दिसतं, स्वतःचा पाय दिसतो. त्याला कक्षात डोकं म्हणत, आणि कुठलाही व्हिडिओ हातात आला की आधी अंगठ्यानं त्याचं डोकं उडवायचं, मग पुढचं. नियम उलटा होता: आधी ठसा, मग कात्री. पण तसं केलं की दोन नोंदी कराव्या लागत आणि लाबणीच्या चहाची वेळ जाई. नियम भिंतीवर होता आणि सवय अंगठ्यात होती.

‘उडवतोय,’ मोख्लेस म्हणाला. ‘फार हलतंय.’

अंगठ्यानं त्यानं अकरा सेकंद उडवले. पाय गेला होता तसाच अंगठा गेला. दोन मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण आली: अस्सल. ती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर आली. लाबणी चहाला गेली.

पोरगा रविवारी मेला. त्याचं नाव सोहाग होतं आणि तो खरंच बॅटरीच्या दुकानात होता. इद्रिसला त्याआधीच उचललं होतं. व्हिडिओ देशभर फिरला, कोपऱ्यात हिरवी खूण मिरवत, आणि लोकांनी मारेकऱ्याला नाव दिलं, ‘किटलीवाला’. मोडावरच्या ज्या माणसांनी वीट आणली, बांबू आणला, त्यांतल्या कित्येकांनी त्याखाली लिहिलं की अशा राक्षसाला त्याच मोडावर फाशी द्या. मोख्लेस प्रतिक्रिया वाचत बसे. घरी लिच्या अजून होत्या. जोहरा साल काढून त्याच्यापुढे ठेवी. पांढरा, ओला, किंचित थरथरता गर. तोंडात घातला की तो दाताखाली फुटे, आणि प्रत्येक वेळी त्याला तळपायात काहीतरी परत आल्यासारखं वाटे. ‘गोड आहेत ना?’ जोहरा विचारी. ‘गोड आहेत,’ तो म्हणे. खरंच होत्या. चपला त्यानं पोटमाळ्यावर टाकल्या. तिसऱ्या दिवशी जोहरानं त्या काढून, पुसून, दाराशी आणून ठेवल्या.

बुधवारी इद्रिसची बायको कुलसुम ऑफिसात आली. चौथ्या मजल्यापर्यंत जिना चढून आली होती, लिफ्टमध्ये बसायची तिला भीती वाटत होती. तिनं लाबणीच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले, आणि मग टेबल घाण होईल म्हणून उचलले.

‘आपा, तो व्हिडिओ पुढचा आहे. मागचा दाखवा ना. माझ्या माणसानं त्या पोराला वाचवलं. त्याचा स्वतःचा हात भाजलाय, कोठडीत सुजून एवढा झालाय.’

‘मागचा म्हणजे?’

‘सुरुवातीचा. हारुन खलिफा म्हणतो, मी पहिल्यापासून घेतला होता. पेपरवाल्यांना पाठवला आणि पोलिसांच्या भीतीनं फोनमधला पुसून टाकला.’

‘तो आता काहीही म्हणेल.’ लाबणीनं खुर्ची ओढून तिला बसवलं, पाणी दिलं, आणि लहान मुलाला शिकवावं तशा मायेनं समजावू लागली. हे बघ चाची, ही खूण. ही अमेरिकेत आहे, जपानमध्ये आहे, सगळीकडे आहे. यातला एक क्षण जरी कापला असता तर ही लाल झाली असती. आमचे हे साहेब, यांनीच ही पद्धत आणली. कुलसुमनं खुणेकडे पाहिलं, मग साहेबांकडे. बराच वेळ पाहिलं.

‘सार, तुम्हीच तालुकदार भाई ना? लाल चहा, आलं जास्त?’

‘हो.’

‘मी कोठडीत भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, तालुकदार भाई तिथं होते, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, त्यांना जाऊन सांग. ते पेपरात आहेत, ते लिहितील.’

‘अजून काय म्हणाला?’

‘अजून काही नाही. म्हणाले, भला माणूस आहे.’

फिल्टरची तोटी कोणीतरी सोडली. मोख्लेसला वाटलं की आता आपण बोलणार. तोंड उघडल्याची त्याला आठवणही आहे. पण बाहेर जे आलं ते असं होतं: ‘मी उशिरा पोचलो होतो. मला नीट दिसलं नाही.’ कुलसुमनं मान हलवली. गर्दीत दिसत नाही, हे तिलाही पटलं. जाताना ती म्हणाली, टपरी बंद आहे सार, नाहीतर चहा तरी पाजला असता. तिनं लाथ मारली असती तर मोख्लेसला एवढं लागलं नसतं. मग त्याच्या लक्षात आलं की लाथ आपल्याला लागलेली नाही. बरगडी पुन्हा दुसऱ्याचीच आहे.

त्या रात्रीपासून त्याच्या डोक्यात इद्रिस एकच वाक्य म्हणत राहिला, आणि दर वेळी वेगळ्या सुरात. ‘तालुकदार भाई, तुम्ही?’ कधी आश्चर्यानं, कधी उजळ आवाजात, गिऱ्हाईक आल्यासारखं. कधी अब्बांच्या आवाजात. अब्बांचा आवाज हरवला म्हणून त्यानं लाथ मारली होती, आणि आता तो आवाज या वाक्यातून परत येत होता, औषध मिळालं रे म्हणायच्या ऐवजी. बसमध्ये कोणी त्याच्या खांद्याला खांदा लावला तरी त्याची मूठ वळे. एका सकाळी दाढी करताना त्यानं गालावर वस्तरा मुद्दाम जरा दाबला. रक्त आलं. त्यातून काहीच सिद्ध झालं नाही.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला सगळा मजला रिकामा झाला तेव्हा त्यानं फोनमधून मूळ व्हिडिओ काढला. जगात ती एकच प्रत उरली होती. डोक्यासकट त्यानं ती यंत्रणेला दिली. यंत्रणेनं चार सेकंद विचार केला आणि पडद्यावर लाल पट्टी आली: ‘फेरफार. या प्रसंगाची अस्सल नोंद आधीच अस्तित्वात आहे. या प्रतीत अकरा सेकंद जोडलेले आढळले.’ खाली बारीक अक्षरात नियमाचा क्रमांक होता. नियमही आपला, क्रमांकही आपणच दिलेला. त्यानं पुन्हा दिली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा देताना मागून लाबणीचा आवाज आला. ती हिशेबातच नव्हती, बायका नमाजाला जात नाहीत आणि तिचा डबा टेबलाखाली होता.

‘हे काय आहे?’

तिनं वाकून बटण दाबलं. चप्पल आली, पाय गेला, किटली फिरली, आवाज आला, टकल्यानं वर पाहिलं. लाबणीनं तोंडावर हात ठेवला. मोख्लेसच्या छातीवरून काहीतरी उतरू लागलं. झालं, त्याला वाटलं, सुटलो.

‘हलकट,’ लाबणी म्हणाली. ‘किती हलकट लोक असतात.’

‘लाबणी...’

‘कोणी पाठवलं तुम्हाला? किटलीवाल्याच्या वकिलानं? तुमचा चेहरा चिकटवलाय, मोख्लेस भाई. आवाजसुद्धा बनवलाय. आजकाल शाळेतली पोरं बनवतात असलं.’

‘मीच आहे तो.’

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. ‘तुम्ही? त्या दिवशी पंख्यात चिमणी अडकली तर तुम्ही अर्धा दिवस रजा टाकलीत.’

‘लाबणी, ती चप्पल माझी आहे. ही बघ.’ त्यानं पाय वर केला.

‘तेच तर. चप्पलसुद्धा सोडली नाही मेल्यांनी.’ मग तिनं लाल पट्टीवर बोट टेकवलं, आणि तिच्या आवाजात खरा अभिमान होता. ‘पण बघा, आपली यंत्रणा फसली नाही. एका झटक्यात पकडलं. मी संपादकांना सांगते, यावर मोठी बातमी होईल.’

त्याला तिच्या कानशिलात मारावीशी वाटली. नुसतं वाटलं नाही. हात कोपरापर्यंत उचललाही गेला, आणि त्या हातानं त्यानं टक्कल खाजवलं. तिनं पाहिलं नाही, किंवा पाहिलं तरी टक्कल खाजवणाराच माणूस पाहिला. ‘थांब,’ तो म्हणाला. ‘सोमवारपर्यंत कुणाला सांगू नकोस.’ ‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका भाई,’ लाबणी म्हणाली आणि तिनं डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. वांग्याचं भरीत होतं.

रविवारी दुपारी तो ठाण्यावर गेला. खिशात पेन ड्राइव्ह होता आणि पायांत त्याच चपला. वाटेत शिमूलतला मोड लागला. रक्तावर वाळू टाकली होती, तिच्यावरून रिक्शांच्या चाकोऱ्या गेल्या होत्या. लिचीवाला आता फणस विकत होता. इद्रिसच्या टपरीला टाळं होतं, टाळ्यावर कोणीतरी ‘खुनी’ लिहिलं होतं आणि लिहिताना खडू मोडलेला दिसत होता. मोख्लेस वाक्य पाठ करत चालला होता. मी त्याला लाथ मारली. इद्रिसनं त्याला वाचवलं. मी ते कापलं. तीन वाक्यं. त्यांच्यातलं कुठलं आधी म्हणायचं यावर बरंच काही अवलंबून आहे असं त्याला वाटत होतं.

दारोगा पन्नाशीचा, पोटावर बटण ताणलेलं, पान लावत बसला होता. प्रेसवाले म्हटल्यावर त्यानं खुर्ची दिली. मोख्लेसनं तिन्ही वाक्यं म्हटली. मधलं दोनदा म्हटलं.

‘किती लाथा?’ दारोग्यानं विचारलं.

‘एक.’

‘एका लाथेनं कोणी मरत नाही, तालुकदार साहेब.’ त्यानं पान गालात सरकवलं. ‘मी पंचवीस वर्षं बघतोय. मनाला लावून घेऊ नका.’

‘पण इद्रिस निर्दोष आहे. तुम्ही ज्या व्हिडिओवरून त्याला धरलं तो अर्धा आहे. पूर्ण माझ्याकडे आहे.’

‘कुठला व्हिडिओ?’

‘कुठला म्हणजे? तो. किटलीचा. सगळ्या देशानं पाहिला तो.’

‘हां, तो. असं ऐकलं खरं. तुमच्या पेपराची ती हिरवी खूण आहे ना त्यावर? मग आम्ही बघायचं काय राहिलं त्यात?’

‘मग त्याला धरलं कशावरून?’

दारोग्यानं पंख्याकडे पाहिलं, जणू उत्तर तिथं लिहिलेलं होतं आणि रोज वाचून त्याला कंटाळा आला होता. ‘तीनशे माणसं होती साहेब. दोनशे नव्याण्णव पळाली. शनिवारी सकाळी सहाला आमचे शिपाई पोचले तेव्हा मोडावर एकच माणूस होता, टपरी उघडत होता. नाव विचारलं, त्यानं दिलं. पत्ता विचारला, तोही दिला. हात भाजलेला होता. अजून काय पाहिजे?’

शनिवारी सकाळी सहाला. मोख्लेसनं बोटांवर मोजलं. हारुन खलिफाचा व्हिडिओ त्याच्याकडे साडेदहाला आला होता.

‘म्हणजे मी कापलं नसतं तरी...’

‘चार्जशीट मंगळवारीच गेली,’ दारोगा म्हणाला. ‘आता कोर्ट बघेल. चहा घेणार? समोरचा करतो बरा.’

मोख्लेसनं पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. दारोग्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि परत त्याच्या हातात दिला. ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ लागत नसे. तो फक्त टायपिंगपुरता होता.